साथ सुरू आहे, पोटात बाळ आहे आणि ड्युटीही आहे : खान्देशातल्या नवीन कामाला लागलेल्या ताईंसाठी

हे त्या ताईंसाठी लिहितेय ज्या पहिल्यांदाच कामाला लागल्यात. जळगाव एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात म्हणा, डाळ मिलमध्ये म्हणा, रावेर-यावलकडे केळीच्या पॅकहाऊसमध्ये, धुळ्यात एखाद्या दवाखान्यात नाहीतर कपड्याच्या दुकानात, नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर, आणि काम अंगवळणी पडतंय तेवढ्यात दिवस गेलेत, आणि त्यातच गावात साथ आली. २०२० ला आणि परत २०२१ ला आपल्याकडे कितीतरी बायांचं असंच झालं. मी तेव्हा एका कारखान्याच्या ऑफिसात हजेरी-पगाराचं बघायची, त्यामुळे कोणाला बाळंतपणाच्या रजेचे पैसे मिळाले आणि कोणाला नाही ते सगळं माझ्या टेबलावरून गेलंय. जिचा अर्ज फायलीला लागलेला होता तिला मिळाले, जिने सुपरवायझरला नुसतं तोंडी सांगितलं होतं तिचं सुपरवायझर सोडून गेला तिथेच संपलं. नवीन माणूस म्हणे मला काही माहीत नाही, आणि त्याला खरंच माहीत नव्हतं. म्हणून खाली जे काय सांगतेय त्यात कागद कागद खूप येईल, कंटाळू नका.

आधी हे बघा, तुम्ही नेमक्या कुठे कामाला आहात

गेटवर ज्या कंपनीची पाटी आहे तिच्याच रोलवर तुम्ही असाल असं नसतं, बऱ्याच जणी ठेकेदाराच्या हजेरीवर असतात आणि त्यांना वाटतं की आपल्याला काहीच लागू नाही. तसं नाहीये. १९६१ च्या मॅटर्निटी बेनिफिट कायद्यात थेट ठेवलेली असो की कोणामार्फत ठेवलेली असो, पगारावर काम करणारी बाई धरलेली आहे, आणि रोजंदारीवरच्या, मस्टर रोलच्या म्हणजे हजेरीपटावरच्या बायांनाही हा हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाने २००० साली दिल्ली महापालिकेच्या केसमध्ये सांगून ठेवलंय. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन लेबर कोड, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले नवे कायदे, लागू झालेत आणि हा कायदा सोशल सिक्युरिटी कोडमध्ये गेलाय, पण ज्या गोष्टींवर आपलं पोट आहे, म्हणजे २६ आठवड्यांची पगारी रजा, त्यासाठी ८० दिवस काम झाल्याची अट, पाळणाघर, त्या तशाच आहेत. कारखाना असेल तर लागू, दुकान किंवा तसलं आस्थापन असेल तर १० किंवा जास्त माणसं कामाला पाहिजेत.

मग पगाराची स्लिप काढा. ईएसआय, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याची वर्गणी, कटतेय का बघा, पगाराच्या पाऊण टक्का कटते. २१,००० पर्यंत पगार असेल तर बहुतेक तुम्ही ईएसआयमध्ये असाल, आणि मग बाळंतपणाचे पैसे मालक देत नाही, ईएसआय कॉर्पोरेशन देतं. हे आधी कळलं पाहिजे, कारण चुकीच्या दारात अर्ज घेऊन बसलं की महिने जातात. स्लिपच देत नसतील तर मागा, आणि तोवर बँकेत पगार जमा झाल्याची एंट्री, हजेरी कार्डाचा फोटो, आयकार्ड, कंपनीच्या ग्रुपवर आलेले ड्युटीचे मेसेज, जे हाताला लागेल ते जपून ठेवा. रोख पगार असेल तर वहीत तारीख आणि रक्कम लिहीत चला, सोबतच्या बाईसमोर.

सांगायचं कधी

आपल्याकडे तिसरा महिना उलटेपर्यंत कोणाला सांगू नये अशी पद्धत आहे, मी त्याला नावं ठेवत नाही, ज्याच्या त्याच्या घरचं असतं. पण साथ सुरू असेल तर माझं स्पष्ट मत आहे की कामावर लवकर सांगा, सगळ्या लाईनला सांगायची गरज नाही, एचआरला किंवा मालकाला लेखी सांगा आणि गुप्त ठेवा म्हणून त्यातच लिहा. दोन कारणं आहेत. एक, काम बदलून पाहिजे असेल तर कारण द्यावं लागतं. दुसरं, उद्या गर्भपात झाला तर ६ आठवडे पगारी रजेचा हक्क आहे, पण गर्भ होता याचाच कागद नसेल तर भांडायचं कशावर. सरकारी दवाखान्यात किंवा उपकेंद्रात नाव नोंदवलं की माता-बाल कार्ड मिळतं, त्याची झेरॉक्स हाच सगळ्यात सोपा पुरावा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते, पहिली तपासणी तिथे केली तरी चालेल, त्या दिवसाची सुट्टी आधीच मागून ठेवा.

अर्ज कसा लिहायचा, हे खूप जणी विचारतात, तर असा :

"प्रति, मा. व्यवस्थापक. विषय : गरोदरपणात कामात बदल मिळण्याबाबत. महोदय, मी आपल्याकडे पॅकिंग विभागात अमुक तारखेपासून कामाला आहे. मी गरोदर असून प्रसूतीची अंदाजे तारीख अमुक आहे, कार्डाची प्रत सोबत जोडली आहे. सध्या साथ सुरू असल्याने मला पुढील बदल मिळावेत : १) दोन पाळ्या एकत्र येतात त्या वेळेच्या अर्धा तास आधी किंवा नंतर येण्या-जाण्याची परवानगी, २) बसून करायचं काम, ३) खिडकीजवळची किंवा उघड्या बाजूची जागा, ४) औषध फवारणी सुरू असताना त्या भागात न पाठवणं. ही माहिती गोपनीय ठेवावी. आपली विश्वासू."

बघा, यात "मला त्रास होतो, काहीतरी करा" असं कुठे नाहीये. नेमकं मागितलं की नाही म्हणणं अवघड जातं, आणि चारपैकी तीन तरी मिळतात. दोन प्रती काढा, एक द्या आणि दुसरीवर सही, शिक्का, तारीख घ्या, त्याला पोच म्हणतात, पोच नसेल तर दिलेला अर्ज न दिल्यासारखाच. घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती ठेवा, नाहीतर मालकाच्या किंवा एचआरच्या व्हॉट्सअॅपवर अर्जाचा फोटो टाका आणि खाली एक ओळ लिहा की आज दुपारी अर्ज देत होते पण घेतला नाही.

कामाच्या जागेवर काय बघायचं

गरोदरपणात फुप्फुसाला जागा कमी पडते आणि शरीराची प्रतिकाराची पद्धतही बदलते, म्हणून श्वासाचा आजार या काळात जास्त चिघळू शकतो, खास करून शेवटच्या तीन महिन्यात. २००९ च्या स्वाईन फ्लूमध्ये हे दिसलं, कोरोनात परत दिसलं, आयसीयूत जायची वेळ जास्त आली आणि बाळं वेळेआधी जन्माला आली. घाबरवायला सांगत नाही, पण "माय, आम्ही तर नवव्या महिन्यापर्यंत केळीचे घड उचलले, काही होत नाही" असं जुन्या बाया प्रेमाने म्हणतात ना, त्यांचा मान ठेवून सांगते, त्यांच्या वेळी साथ नव्हती.

लोक मशीनवर मास्क लावतात आणि डबा खाताना काढून चिटकून बसतात. बंद कँटीनमध्ये जेवण हीच सगळ्यात धोक्याची वेळ, तिथेच तासभर गप्पा होतात. तुम्ही डबा बाहेर, झाडाखाली, शेडच्या उघड्या बाजूला खा, कोणी नखरे म्हटलं तर म्हणू द्या. दुसरं म्हणजे अप-डाऊन. भुसावळहून, अमळनेरहून, पाचोऱ्याहून रोज गाडीने येणाऱ्या खूप आहेत, साथीत तो रेल्वेचा डबा आणि नंतरची भरलेली रिक्षा हे कारखान्यापेक्षा जास्त जोखमीचं, म्हणूनच वेळ मागेपुढे करून मागा असं वर अर्जात लिहिलंय.

ऊन वेगळंच. एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावला ४५ च्या आसपास जातं, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त, त्यात मास्क, आणि दवाखान्यात असाल तर पीपीई किट. गरोदर बाईने मास्क लावायला हरकत नाही, एन-९५ सुद्धा चालतो, पण घामाने ओला झाला की बदला आणि अधूनमधून मोकळ्या हवेत, लोकांपासून लांब जाऊन काढा. पीपीई घालून सलग तासन् तास उभं राहायला साफ नकार द्या. आणि लघवीला जावं लागेल म्हणून पाणी कमी पिणं हे आपल्या बाया सगळ्यात जास्त करतात, कारण संडास लांब असतो किंवा घाण असतो. कृपा करून हे करू नका, पाणी कमी पडलं की लघवीत जंतुसंसर्ग होतो, पोट आवळून येतं, उन्हात चक्कर येते. संडास स्वच्छ आणि जवळ असणं हेसुद्धा अर्जात मागता येतं, मागा.

फवारणीचं जरा सविस्तर सांगते कारण २०२० ला यात फार गोंधळ झाला. गेटवर कमान उभी करून माणसांवर सोडियम हायपोक्लोराईट उडवायचे. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच सांगितलं होतं की माणसांवर फवारणी करू नका, उपयोग नाही आणि डोळ्याला, त्वचेला, श्वासाला त्रास होतो. तरी ती कमान बरेच दिवस उभी असायची. पुढच्या साथीत परत कोणी उभी केली तर तुम्ही त्यातून जाऊ नका. आणि सफाईच्या कामावर असाल तर एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा, ब्लीचिंग किंवा हायपोक्लोराईट आणि संडास साफ करायचं अॅसिड कधीही एकत्र करायचं नाही, एकाच बादलीत नाही, एकामागोमाग एकाच भांड्यातही नाही, त्यातून क्लोरीन वायू निघतो. छोट्या बंद बाथरूममध्ये तो एका मिनिटात घसा धरतो. असं काही झालं तर बादली तिथेच सोडून बाहेर पळा, साफसफाई नंतर.

मिरचीच्या पथारीवर आणखी वेगळं. देठ काढायला सकाळपासून खाली बसायचं, ठसका सारखा सुरू, आणि साथीत खोकला आला की सगळे संशयाने बघतात, खोकणाऱ्या बाईला सरळ घरी पाठवतात, रोजही जातो. वाऱ्याच्या वरच्या बाजूला बसायला जागा मागा, ढिगापासून थोडं लांब, ओला रुमाल मास्कच्या आत नको, त्याने श्वास कोंडतो. दर तासाला उठून चार पावलं चाला, पायाला सूज आणि रक्ताची गाठ दोन्ही टळतात.

वजन उचलणं आणि फार वेळ उभं राहणं याबद्दल कायद्यात लिहिलेलं आहे. तुम्ही मागणी केली तर बाळंतपणाच्या आधीच्या ६ आठवड्यांच्याही आधीचा एक महिना मालकाने जड किंवा बराच वेळ उभं राहायचं काम द्यायचं नाही, आणि त्या ६ आठवड्यात तुम्ही रजेवर गेला नसाल तर तेव्हाही नाही. मागणी केली तर, हे शब्द महत्त्वाचे, न मागता मिळत नाही. त्याआधीच्या महिन्यांसाठी डॉक्टरची चिठ्ठी घ्या, "जड काम नको, बसून काम द्यावे" इतकं लिहिलेलं पुरतं. रात्रपाळीलाही तुमची संमती लागते.

घरून काम, आणि कामावर न येण्याची सूट

यात गैरसमज खूप आहे. घरून काम करण्याचं कायद्यात आहे ते रजा संपल्यानंतरचं, काम तसलं असेल आणि मालकाशी बोलून ठरलं तर. गरोदरपणात आपोआप घरून काम मिळेल असा हक्क त्यात नाही. पण साथ आली की आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली आदेश निघतात, २०२० मध्ये केंद्राच्या गृह मंत्रालयाने गरोदर महिलांनी गरज नसताना घराबाहेर पडू नये असं सांगितलं होतं, जानेवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ऑफिसातल्या गरोदर महिलांना हजेरीतून सूट होती. असे आदेश तात्पुरते असतात आणि बदलत राहतात, म्हणून साथ सुरू झाली की जिल्हाधिकाऱ्यांचा चालू आदेश शोधा, मोबाईलमध्ये सेव्ह करा आणि अर्जाला जोडा. ग्रुपवर फिरणारी कात्रणं जोडू नका, सही आणि क्रमांक असलेला आदेश जोडा. मशीनवरच्या बाईला घरून काम शक्य नाही हे खरंय, पण लेबल लावणं, हिशोब, फोनवरची ऑर्डर, असं काही तुमच्या कारखान्यात आहे का ते तुम्हालाच जास्त माहीत, तेच नाव घेऊन मागा.

लस : कोरोनात गरोदर महिलांना लसीची परवानगी २ जुलै २०२१ ला मिळाली, त्याआधी कितीतरी जणी भीतीने आणि अफवांनी थांबल्या होत्या. पुढच्या कुठल्याही साथीत लस आली की पहिला प्रश्न तुमच्या तपासणीच्या डॉक्टरला विचारा, लाईनवरच्या मैत्रिणीला नको.

ताप आला तर

कामावर रेटून जाऊ नका. डॉक्टरला विचारल्याशिवाय मेडिकलवरून गोळी घेऊ नका, आयबुप्रोफेन असलेल्या गोळ्या गरोदरपणात, खास करून पाचव्या महिन्यानंतर, मनाने घ्यायच्याच नाहीत. दम लागतोय, ऑक्सिजन ९५ च्या खाली दाखवतोय, बाळाची हालचाल कमी झालीय, अंगावरून रक्त किंवा पाणी जातंय, डोकं खूप दुखून डोळ्यापुढे अंधारी येतेय, यातलं एक जरी असेल तर वाट बघायची नाही, १०८ ला फोन. प्रसूतीसाठी ने-आण करायला १०२ ची गाडी असते. अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवर गाडी घरापर्यंत येत नाही, तिथल्या ताईंनी सातव्या महिन्यातच ठरवून ठेवावं की रस्त्यापर्यंत कोण आणणार आणि शेवटचे दिवस कोणाकडे राहणार.

ईएसआय असेल तर आजारपणाची रजा म्हणून पगाराच्या ७० टक्के मिळतात, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. गरोदरपणामुळे, बाळंतपणामुळे किंवा बाळ वेळेआधी झाल्यामुळे आजारपण आलं तर बाळंतपणाच्या रजेशिवाय आणखी एक महिना पगारी रजा मिळू शकते, डॉक्टरच्या कागदावर कारण स्पष्ट लिहून घ्या. आणि बाळाला दूध पाजायचं कोरोनात बंद करायचं नव्हतं, मास्क लावून, हात धुवून पाजायचं होतं. तेव्हा काही ठिकाणी बाळ आईपासून लांब ठेवलं आणि दूध आटलं, त्याचं वाईट वाटतं अजून.

रजा आणि पैसे

पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे, त्यातले जास्तीत जास्त ८ आधी घेता येतात, कमी घेतले तर उरलेले नंतर मिळतात. दोन मुलं हयात असतील तर पुढच्या वेळी १२ आठवडे, त्यातले ६ आधी. अट काय, तर बाळंतपणाच्या अंदाजे तारखेच्या आधीच्या १२ महिन्यात ८० दिवस काम झालेलं पाहिजे. आता साथीतला सगळ्यात मोठा प्रश्न, कारखाना बंद होता ते दिवस कसे धरायचे? ले-ऑफ दिलेले दिवस, म्हणजे मालकाने काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवलेले दिवस, आणि कायद्याने दिलेल्या पगारी सुट्ट्या या ८० मध्ये मोजायच्या असतात. हे माझ्यासमोर अनेकदा चुकीचं मोजलं गेलं, ऑफिसातला माणूस फक्त पंच झालेले दिवस मोजतो आणि सांगतो की बाई, तुझे ७१ च भरतात. म्हणून कारखाना बंद राहिला तर बंदच्या नोटिशीचा फोटो काढून ठेवा, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आणि "ले-ऑफ" हा शब्द त्यात आहे का बघा. ईएसआयमध्ये हिशोब वेगळा आहे, तिथे आधीच्या दोन वर्गणीच्या काळात मिळून ७० दिवसांची वर्गणी भरलेली पाहिजे.

पैसे रोजच्या सरासरी पगारावर मिळतात, रजेच्या आधीच्या तीन महिन्यांची सरासरी. बाळंतपणाआधीच्या आठवड्यांचे पैसे गरोदरपणाचा पुरावा दिल्यावर आगाऊ द्यायचे असतात, बाकीचे बाळंतपणाचा पुरावा दिल्यावर ४८ तासात. मालकाने दवाखान्याची सोय मोफत केली नसेल तर ३,५०० रुपये मेडिकल बोनस वेगळा. नोटीस द्यायची राहून गेली म्हणून हक्क जात नाही, उशिरा दिली तरी द्या.

काढून टाकलं तर

"साथ आहे, धंदा नाही, तू घरीच बस आता, नंतर बघू." हे वाक्य कितीतरी जणींना ऐकवलं गेलंय आणि त्यांनी ते खरं मानून कपाटातलं सामान काढून आणलं. घरी बसा म्हणजे रजा, ले-ऑफ की नोकरी गेली, हे लेखी विचारा, त्याच दिवशी मेसेज टाका : "आपण आज मला उद्यापासून येऊ नका सांगितलं, ही कुठली रजा आहे ते कळवावं." राजीनाम्यावर सही करू नका, कोऱ्या कागदावर तर मुळीच नाही, हिशोबाचे पैसे देतो म्हणाले तरी नाही. बाळंतपणाच्या रजेवर असताना काढणं बेकायदेशीर आहे, आणि गरोदर असताना काढलं तरी जो लाभ मिळाला असता तो जात नाही. ठेक्याची मुदत मधेच संपली तरी लाभ चालू राहतो, २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने कंत्राटी डॉक्टर असलेल्या एका महिलेच्या केसमध्ये तसं सांगितलंय.

जायचं कुठे? सहायक कामगार आयुक्तांचं ऑफिस, तिथे सरकारी कामगार अधिकारी असतात, अर्ज द्या, पोच घ्या. काढल्याविरुद्धच्या अपिलाला ६० दिवसांची मुदत असते, बाळंतपणाच्या गडबडीत ती कधी निघून जाते कळत नाही, म्हणून ही तारीख नवऱ्याला नाहीतर भावाला लिहून द्या. वकील परवडत नाही ही अडचण नाही, महिलांना मिळकत किती आहे हे न बघता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, फोन १५१००.

शेतात, बांधकामावर असाल तर

केळी कापणीच्या टोळीत किंवा कापूस वेचायला जाणाऱ्या ताईंना वरचा कायदा बहुतेक पोचत नाही, हे मला बरोबर वाटत नाही पण आहे ते सांगते. त्यांनी अंगणवाडीत नाव नोंदवून प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचा फॉर्म भरावा, पहिल्या बाळाला ५,००० रुपये, दुसरं बाळ मुलगी असेल तर ६,०००. बांधकामावर वर्षात ९० दिवस काम केलेल्या बाईने बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करून घ्यावी, तिथे नैसर्गिक बाळंतपणाला १५,००० आणि सिझेरियनला २०,००० आहेत, नोंदणी चालू पाहिजे, बंद पडलेली चालत नाही. आशाताई साथीत घरोघर फिरल्या पण मानधनावर असल्यामुळे त्यांना कर्मचारी धरत नाहीत, त्यांनी गरोदरपणात सर्व्हेच्या याद्या मेडिकल ऑफिसरकडून लेखी कमी करून घ्याव्यात आणि तापाच्या रुग्णांची घरं गटातल्या दुसऱ्या ताईकडे द्यायला सांगावं.

परत कामावर येताना

रजा संपायच्या पंधरा दिवस आधी लेखी कळवा की अमुक तारखेला हजर होतेय. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत जेवणाच्या सुट्टीशिवाय दोन वेळा दूध पाजायला सुट्टी मिळते, आणि ५० किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर पाहिजे, दिवसातून चार वेळा बाळाला भेटता येतं. साथ सुरू असताना सामायिक पाळणाघरात बाळ ठेवायची भीती वाटणं साहजिक आहे, तिथे किती मुलं आहेत, खिडक्या उघड्या असतात का, सांभाळणारी बाई आजारी असेल तर तिच्या जागी कोण, एवढं आधी जाऊन बघून या. बरं नाही वाटलं तर आजीला बाळ घेऊन गेटपर्यंत यायला सांगा आणि पाजायच्या दोन्ही वेळा सिक्युरिटीच्या रजिस्टरला लिहून घ्या, म्हणजे त्या वेळेचे पैसे कापले तर दाखवायला राहील.